यकृतातून पीतबिंदूपर्यंत

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयात न्यूमोनियाचे रोगी कायम भरती असत. पेनिसिलिन औषध म्हणून हाती यायला अजून दहा-बारा वर्षं होती. विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोन डॉक्टर या रोग्यांचं रक्त काढून गोठू देत, वर राहणारं पिवळसर सीरम वेगळं करत आणि त्यात न्यूमोनियाच्या जंतूंपासून काढलेले निरनिराळे पदार्थ मिसळून पाहत. त्यांपैकी ‘सी’ नाव दिलेल्या एका पदार्थाने त्यांना कोड्यात टाकलं. ताप चढलेल्या रोग्याच्या सीरममध्ये तो मिसळला की नळीत साका जमे. तोच रोगी सुधारला की साका जमेनासा होई. जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं माणूस बरा होत असताना वाढतात. इथे नेमकं उलट घडत होतं. आजार अंगात असेपर्यंतच रक्तात राहणारं आणि आजाराबरोबर निघून जाणारं असं काहीतरी त्या सीरममध्ये होतं.

ते एक प्रथिन निघालं. पुढे त्याला सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हे नाव मिळालं आणि आज तालुक्याच्या गावातली लॅबसुद्धा ‘सीआरपी’ म्हणून ते मोजून देते. कोविडच्या काळात हे नाव आपल्याकडे घराघरांत पोचलं. रुग्णालयातून नातेवाइकांना फोन यायचा तेव्हा ऑक्सिजन, डी-डायमर आणि सीआरपी हे आकडे सांगितले जायचे, आणि ज्यांनी आयुष्यात जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं नव्हतं तेही ‘आज सीआरपी उतरलाय’ म्हणून सुटकेचा श्वास टाकायचे. त्यांचं चूक नव्हतं. शरीरातल्या दाहाची इतकी चटकन खबर देणारी दुसरी साधी तपासणी क्वचितच असेल.

हे प्रथिन बनतं यकृतात. अंगात कुठेही जंतू शिरले, इजा झाली, पेशी मेल्या, की तिथल्या संरक्षक पेशी इंटरल्युकिन-६ हा रेणू रक्तात सोडतात. तो यकृतापर्यंत पोचला की यकृत सीआरपी बनवायला घेतं. सहा-आठ तासांत पातळी चढू लागते, दोन दिवसांच्या आसपास ती सर्वांत वर असते आणि गंभीर संसर्गात मूळच्या हजारपटीपर्यंतही जाते. कारण संपलं की दर १९ तासांनी ती निम्मी होत जाते. अहवालात याच्याच शेजारी असलेला ईएसआर हा जुना आकडा. उभ्या नळीत एका तासात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसतात, एवढंच तो सांगतो. वय वाढलं, हिमोग्लोबिन कमी असलं, तरी तो वाढतो. आपल्याकडे रक्तक्षयाच्या कितीतरी बायकांचा ईएसआर कोणताही मोठा आजार नसताना वर असतो. त्यामुळे इथून पुढे आपण सीआरपीचाच माग काढू.

१९९७ साली बोस्टनचे पॉल रिडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की वरकरणी ठणठणीत असलेल्या पुरुषांमध्येही ज्यांचा सीआरपी जरासा चढा होता, त्यांना पुढच्या काही वर्षांत हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण जास्त होतं. ही वाढ न्यूमोनियातली नव्हे. ताप नाही, दुखणं नाही, काही जाणवत नाही, तरी दाह मंद आचेवर चालू आहे, असं सांगणारी ही वाढ. ती टिपण्यासाठी ‘हाय सेन्सिटिव्हिटी’ तपासणी आली आणि २००३ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनेने तिचे तीन गट ठरवून दिले: लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी, १ ते ३, आणि ३ पेक्षा जास्त. आकडा १० च्या वर गेला तर तो मंद दाह धरायचा नाही. कुठे संसर्ग आहे का ते पाहायचं आणि काही दिवसांनी पुन्हा मोजायचं.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांत मंद दाह असेल, तर म्हातारपणी डोळ्यात जे बिघडतं त्यातही तो असेल का? प्रश्न साहजिक होता. पण डोळ्याच्या बाजूने त्याचं उत्तर शोधणारी वाट तोवर निराळ्याच ठिकाणाहून सुरू झाली होती.

डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यभागी पाच-साडेपाच मिलिमीटर रुंदीचा एक भाग आहे, पीतबिंदू. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखणं, सगळं या तेवढ्या जागेवर चालतं. पीतबिंदूत प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या खाली रंगद्रव्याच्या पेशींचा एकच थर असतो. वरच्या पेशी आपली टोकं रोज थोडी झडवतात आणि हा खालचा थर ती झड गिळून पचवतो. दर दिवशी सुमारे दहावा भाग, म्हणजे दहा दिवसांत सगळं जुनं जाऊन नवं. या खालच्या पेशी जन्मभर त्याच राहतात. सामान्यपणे त्या नव्याने तयार होत नाहीत. सत्तर-ऐंशी वर्षं न थांबता हे काम त्या करतात. त्यांच्याही खाली ब्रूखचा पडदा नावाचं काही मायक्रॉन जाडीचं अस्तर आहे आणि त्याच्याखाली कोरॉइड, रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. वजनाच्या मानाने शरीरात सर्वांत जास्त रक्त जिथून वाहतं अशा मोजक्या जागांपैकी ही एक. तिथल्या केशवाहिन्यांच्या भिंतींना सूक्ष्म छिद्रं असतात, म्हणून रक्तातली प्रथिनं त्यांतून सहज बाहेर झिरपतात. यकृताने बनवलेला माल डोळ्याच्या इतक्या जवळ येऊन पोचतो तो इथे.

वय वाढतं तसं ब्रूखच्या पडद्यात चरबी साठते, तो जाड होतो आणि मोरीची जाळी तुंबावी तशी वरून खाली आणि खालून वर होणारी ये-जा अडते. मग त्यावर पिवळट रंगाचे लहान लहान उंचवटे धरतात. त्यांना ड्रुसन म्हणतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या फ्रान्सिस्कुस डोंडर्स यांनी १८५५ साली त्यांचं वर्णन केलं. हे उंचवटे ६३ मायक्रॉनपेक्षा लहान असतील तर ते वयाचंच लक्षण समजतात. १२५ मायक्रॉनपेक्षा मोठे असतील तर पीतबिंदू झिजण्याच्या आजाराच्या शंकेने डॉक्टर सावध होतात. एवढं बारीक माप डोळ्यांनी कसं घ्यायचं? डोळ्याच्या नसेच्या कडेवरून जाणारी मोठी शीर जवळपास तेवढ्याच रुंदीची असते. डोळ्याचा डॉक्टर बाहुली मोठी करून भिंगातून पाहतो आणि ड्रुसनला त्या शिरेशेजारी मनातल्या मनात ठेवून बघतो. शिरेइतका दिसला तर तो मोठा. शंभर वर्षांहून अधिक काळ डॉक्टरांनी हे ठिपके पाहिले, मोजले, त्यांची चित्रं काढली. ते कशाचे बनलेले आहेत, हे मात्र कोणी नीट तपासलं नव्हतं.

ते काम विसाव्या शतकाच्या अखेरीस झालं. आयोवा विद्यापीठात ग्रेगरी हेगमन आणि रॉबर्ट मलिन्स, कॅलिफोर्नियात डॉन अँडरसन आणि लिंकन जॉन्सन यांनी मृत्यूनंतर दान केलेल्या डोळ्यांतले ड्रुसन कापून, रंगवून, एकेका प्रथिनाचा शोध घेतला. वर्षानुवर्षं साचलेला निर्जीव गाळ सापडेल, अशी समजूत होती. सापडली ती चकमकीची खूण. चरबी होती, अमिलॉइड होतं, आणि त्यांच्या जोडीला कॉम्प्लिमेंट या संरक्षण-व्यवस्थेची प्रथिनं मोठ्या संख्येने होती: सी-३ चे तुकडे, सी-५, पेशीला भोक पाडणारा शेवटचा जुडगा, आणि सीआरपीसुद्धा. नेत्रदानाचा अर्ज भरताना आपण बुबुळाचा विचार करतो, कोणाला तरी दिसेल म्हणून. या दात्यांच्या डोळ्यांतला मागचा भाग असा कामाला आला आणि एका आजाराकडे पाहण्याची दिशाच बदलली. माझ्या मते या सगळ्या कथेतलं सर्वांत मोठं ऋण त्यांचं आहे.

आणखी एक धागा मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडून आला. मूत्रपिंडाचा एक दुर्मीळ विकार आहे, त्यात गाळणीच्या अस्तरावर दाट थर जमतो. तो बहुधा मुलांना आणि तरुणांना होतो आणि त्याचं कारण म्हणजे कॉम्प्लिमेंटला लगाम राहत नाही. या तरुणांच्या डोळ्यांत ड्रुसनसारखेच ठिपके आढळतात. विशी-तिशीतल्या माणसाच्या डोळ्यात म्हातारपणाचे ठिपके! वय हे एकच कारण असतं तर हे घडलं नसतं.

कॉम्प्लिमेंट ही रक्तात कायम सज्ज असलेली तीसेक प्रथिनांची फळी. ती जंतूंवर तुटून पडते, आणि आपल्याच पेशींवर तुटून पडू नये म्हणून तिला आवरणारी काही प्रथिनंही रक्तात असतात. त्यांतलं प्रमुख फॅक्टर एच. मानवी जनुकसंचाचा नकाशा २००३ मध्ये पूर्ण झाला आणि दोनच वर्षांत, २००५ च्या वसंतात, अमेरिकेतल्या तीन गटांचे शोधनिबंध ‘सायन्स’ या साप्ताहिकात एकत्र आले. हेगमन यांच्या गटाचा चौथा त्याच सुमारास दुसरीकडे छापून आला. चौघांचं बोट एकाच जागी होतं. पहिल्या गुणसूत्रावर फॅक्टर एचचं जनुक आहे. त्या प्रथिनात ४०२ व्या जागी टायरोसिनऐवजी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल आलं, तर म्हातारपणी पीतबिंदू झिजण्याचा धोका वाढतो. आई आणि वडील दोघांकडून तेच आलं, तर कितीतरी पटींनी. एका गटाने हा शोध फक्त ९६ रोगी आणि ५० निरोगी माणसं तपासून लावला होता, लाखाहून अधिक जागा एकेक करून चाळत. त्या निबंधाचा पहिला लेखक रॉबर्ट क्लाइन रॉकफेलर विद्यापीठात होता. टिलेट आणि फ्रान्सिस यांनी नळीतला साका पाहिला ती हीच संस्था, मधे पंचाहत्तर वर्षं गेलेली.

आणि ही दोन टोकं खरोखरच जुळतात. फॅक्टर एचचा ४०२ वा भाग सीआरपीला जिथे चिकटतो त्याच पट्ट्यात येतो. सीआरपी खराब झालेल्या पेशींवर बसतो आणि फॅक्टर एचला तिथे धरून ठेवतो, म्हणजे साफसफाई होते पण मोडतोड होत नाही. हिस्टिडिनवाला फॅक्टर एच सीआरपीला तितका घट्ट धरत नाही. मग सफाईचं रूपांतर दाहात होतं आणि तो दाह विझत नाही. पुढच्या काही वर्षांत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने भारतीय रोग्यांमध्येही या बदलाचा संबंध दाखवला. जपान आणि चीनमध्ये मात्र हा बदल फार थोड्या लोकांत असतो, तरी तिथेही हा आजार आहेच. दुसरी जनुकंही त्यात आहेत.

आता रक्ताच्या आकड्याकडे येऊ, कारण लोकांच्या हातात पडतो तो आकडा. २००४ साली बोस्टनच्या जोहाना सेडन यांनी ९३० माणसांचा सीआरपी मोजला. त्यांतल्या १८३ जणांचे डोळे पूर्ण निरोगी होते आणि २२२ जणांचा आजार पुढच्या टप्प्याला गेलेला होता. निरोग्यांचा मधला आकडा लिटरला २.७ मिलिग्रॅम, आजार पुढे गेलेल्यांचा ३.४. फरक खरा होता, योगायोगाने येण्याजोगा नव्हता. वर्तमानपत्रांना एवढं पुरतं. ‘रक्त तपासा, अंधत्व ओळखा’ अशा अर्थाचे मथळे निघायला वेळ लागत नाही.

पण त्या दोन आकड्यांपाशी जरा थांबायला हवं. मधला आकडा म्हणजे निम्मे त्याच्या खाली आणि निम्मे वर. अर्थात निरोगी डोळ्यांच्या निम्म्या माणसांचा सीआरपी २.७ पेक्षा जास्त होता आणि आजारी डोळ्यांच्या निम्म्या माणसांचा ३.४ पेक्षा कमी. दोन्ही गर्दी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. एखाद्या आजोबांचा सीआरपी ३ आला तर ते कोणत्या गर्दीतले, हे या आकड्यावरून सांगता येत नाही. हजार माणसांच्या सरासरीत दिसणारी गोष्ट एका माणसाच्या अहवालात वाचायला जाणं, ही वैद्यकाच्या आकड्यांशी होणारी सर्वांत सर्रास गफलत आहे आणि तिच्यावर सध्या ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजांचा मोठा धंदा उभा आहे, हे मला मनापासून खटकतं.

नंतरचे अभ्यास एका सुरात बोलले नाहीत. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या मोठ्या पाहणीत वाढलेल्या सीआरपीचा पुढे होणाऱ्या आजाराशी संबंध दिसला, पण हलका. अमेरिकेतल्या वृद्धांच्या हृदय-आरोग्याच्या एका मोठ्या अभ्यासात तो दिसलाच नाही. अमेरिकेतल्या पाच पाहण्यांची आकडेवारी २०१३ मध्ये एकत्र केली तेव्हा ३ च्या वर सीआरपी असणाऱ्यांत आजाराची शक्यता १ पेक्षा कमी असणाऱ्यांच्या सुमारे दीडपट निघाली. विस्कॉन्सिनच्या बीव्हर डॅम गावच्या पाहणीत साध्या पांढऱ्या पेशींच्या संख्येचाही संबंध आढळला, आणि जर्मनीतल्या बॉनच्या डॉक्टरांना रोग्यांच्या रक्तात कॉम्प्लिमेंट पेटल्याच्या खुणा जास्त सापडल्या. सगळं एकत्र ठेवलं तर चित्र असं: संबंध आहे, तो माफक आहे, आणि त्यात भेसळ पुष्कळ आहे. धूम्रपान सीआरपी वाढवतं आणि पीतबिंदूही खराब करतं. पोटावरची चरबी, हिरड्यांचा जुनाट आजार, सांधेदुखी, चिकनगुनियानंतर महिनोन्‌महिने धरून बसणारे सांधे, यांतल्या कशानेही सीआरपी वर जातो. रक्त हे सगळ्या शरीराचं आहे; त्यात डोळ्याची हाक वेगळी ऐकू येत नाही.

दुसरीही एक अडचण आहे, आणि ती जास्त खोल आहे. रक्तात फिरणारा सीआरपी हा पाच सारख्या भागांची चकती असतो. खराब झालेल्या पेशीच्या पृष्ठभागावर बसला की ही चकती फुटते आणि सुटे झालेले भाग दाह आणखी भडकवतात. ज्यांच्याकडे हिस्टिडिनवाली प्रत दोन्हीकडून आलेली आहे अशा दात्यांच्या कोरॉइडमध्ये सीआरपी सुमारे अडीच पट सापडला, आणि पुढच्या अभ्यासात तो या सुट्या रूपातच प्रामुख्याने दिसला. त्या उतीत सीआरपी बनत असल्याचं काही दिसलं नाही, म्हणजे तो यकृतातूनच आलेला. पण लॅबचं यंत्र मोजतं ती मुख्यत्वे रक्तातली अखंड चकती. डोळ्यामागे जे फुटून साठलंय ते नळीतल्या रक्तात येतच नाही.

मग दोष यकृताचा की डोळ्याचा? हा प्रश्न ज्या युक्तीने सोडवला गेला, ती मला या साऱ्या संशोधनातली सर्वांत देखणी वाटते. ज्यांचं यकृत बदललं आहे अशी माणसं जगात आहेत. त्यांच्या रक्तातला फॅक्टर एच नव्या यकृतातून येतो, म्हणून तो दात्याच्या जनुकाप्रमाणे असतो. त्यांच्या डोळ्यांतल्या पेशी मात्र जुन्याच, स्वतःच्या जनुकाच्या. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या अँड्र्यू लोटेरी यांच्या गटाने अशा २२३ माणसांचे डोळे तपासले. सगळे ५५ च्या पुढचे, यकृत बदलून निदान पाच वर्षं झालेले. २०१३ मध्ये निकाल आला: आजाराचा संबंध रोग्याच्या स्वतःच्या जनुकाशी होता, दात्याच्या यकृताच्या जनुकाशी नव्हता. रंगद्रव्याच्या पेशी स्वतःही थोडा फॅक्टर एच बनवतात आणि पीतबिंदूच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा ठरत असावा.

विषय इथे मिटायला हवा होता. पण २०२० मध्ये लंडन, मँचेस्टर, कार्डिफ आणि निमेखेन इथल्या संशोधकांनी फॅक्टर एचच्याच कुळातलं एक प्रथिन, एफएचआर-४, रोग्यांच्या रक्तात जास्त असल्याचं दाखवलं. हे फॅक्टर एचच्या जागा अडवतं आणि लगाम सैल करतं. ते पीतबिंदूखालच्या अस्तरात साठलेलं सापडलं. डोळा ते बनवत नाही. बनवतं फक्त यकृत. तेव्हा एकट्या डोळ्याला किंवा एकट्या यकृताला धरून चालणार नाही. ब्रूखच्या पडद्यापाशी दोघांचं काय होतं, त्यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते काय हे अजून उलगडतं आहे.

औषधांनी हीच गोष्ट महागात जाऊन शिकवली. एक्युलिझुमॅब हे कॉम्प्लिमेंटचा सी-५ हा दुवा बंद करणारं औषध दुसऱ्या आजारांत उत्तम चालतं. पीतबिंदूच्या कोरड्या झिजेत, म्हणजे पडद्याखाली पाणी किंवा रक्त न झिरपता होणाऱ्या झिजेत, ते शिरेतून देऊन पाहिलं. ३० रोग्यांची लहान चाचणी होती. औषध मिळालेल्यांच्या पीतबिंदूतला झिजलेला डाग सहा महिन्यांत औषध न मिळालेल्यांच्या डागाइतकाच वाढला. मग डोळ्यात टोचायची औषधं आली. लॅम्पॅलिझुमॅबच्या दोन मोठ्या चाचण्या २०१७ मध्ये अपयशी ठरल्या. २०२३ मध्ये अमेरिकेत पेगसेटाकोप्लॅन आणि अव्हासिनकॅप्टॅड पेगॉल यांना मान्यता मिळाली. त्यांतल्या पहिल्याने दर महिन्याला इंजेक्शन घेतलं तर दोन वर्षांत डागाची वाढ सुमारे एक पंचमांशाने मंदावते. गेलेली नजर परत येत नाही, आणि रोग्याला रोजच्या जगण्यात फरक जाणवला असंही दिसलं नाही. म्हणून युरोपच्या औषध नियामकांच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये त्याला मान्यता देऊ नये असं मत दिलं. मला ते मत पटतं. पुढे आणखी चांगलं औषध येईल, पण डोळ्यात दर महिन्याला सुई घेणाऱ्या माणसाला फायदा कळायला हवा, ही अपेक्षा अवास्तव नाही. दाह कमी होतो म्हणून रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांसाठीही एक निकाल आहे: ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या चाचणीत कमी मात्रेच्या ॲस्पिरिनने हा आजार टळला नाही, त्याची गतीही घटली नाही.

आपल्याकडे हा आजार किती? उत्तर आणि दक्षिण भारतातल्या खेड्यांत साठीपुढच्या लोकांच्या पाहणीत पुढच्या टप्प्यातला आजार १.२ टक्क्यांना आढळला. नागपूरजवळच्या आठ खेड्यांत २००६ ते २००९ या काळात तिशीच्या पुढच्या ४७११ लोकांचे डोळे तपासले गेले. विदर्भातल्या शेतकरी-मजुरांच्या डोळ्यांची इतकी तपशीलवार नोंद त्याआधी नव्हती. आयुर्मान वाढतंय, तेव्हा टक्केवारी लहान असली तरी घरं पुष्कळ निघतील. आणि यातल्या बऱ्याच घरांत ‘मोतीबिंदू काढला तरी दिसत नाही’ एवढंच निदान वर्षानुवर्षं चालू असतं.

तेव्हा सीआरपीचा अहवाल हातात आला तर तो फॅमिली डॉक्टरला दाखवावा, आणि आधी एकक पाहावं. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. एकीचा ५ म्हणजे दुसरीचा ०.५. याच घोळात कितीतरी लोक घाबरतात आणि कितीतरी निर्धास्त राहतात. डोळ्यासाठी मात्र रक्त देण्याची गरज नाही. पन्नाशीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. अर्धा-पाऊण तास बाकावर बसावं लागतं, दिवसभर उजेड बोचतो, स्वतः गाडी चालवत घरी येता येत नाही. म्हणून लोक नुसता चष्म्याचा नंबर काढून परततात. ड्रुसन असतील तर ते या तपासणीत दिसतात, चष्म्याच्या नंबरात नाही. सिगारेट-बिडी सोडणं हा असा उपाय आहे जो सीआरपीही उतरवतो आणि पीतबिंदूचा धोकाही. मध्यम टप्प्याच्या आजारात जीवनसत्त्व क आणि ई, जस्त, तांबं, ल्युटिन आणि झियाझँथिन यांची ठरलेल्या मात्रेची गोळी उपयोगी पडते; मूळच्या गोळीने पाच वर्षांत आजार पुढे जाण्याचं प्रमाण चौथ्या हिश्श्याने घटलं होतं. मूळ गोळीत बीटा-कॅरोटिन होतं, त्याने धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढतो म्हणून ते काढलं. औषधाच्या दुकानात पाकीट उलटून हे नाव नाही ना, ते पाहून घ्यावं. ड्रुसन अजिबात नसलेल्या माणसाला या गोळीने काही मिळत नाही.

ज्यांच्या एका डोळ्यात आजार आधीच आहे त्यांनी ॲम्सलरची जाळी घरात लावावी. स्वित्झर्लंडच्या मार्क ॲम्सलर यांनी ती गेल्या शतकाच्या चाळीशीत रूढ केली: दहा सेंटिमीटरचा चौकोन, त्यात पाच-पाच मिलिमीटरच्या चौकटी, मधोमध एक ठिपका. जवळचा चष्मा लावायचा, एक डोळा तळव्याने पूर्ण झाकायचा आणि वाचताना पुस्तक धरतो तेवढ्या अंतरावरून ठिपक्याकडे बघायचं. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं तर चांगला डोळा बिघडलेल्याची उणीव झाकतो आणि काहीच कळत नाही. कालपर्यंत सरळ दिसणारी रेघ आज लाटेसारखी वाकली, किंवा मधला तुकडा पुसट झाला, तर पडद्याखाली पाणी किंवा रक्त झिरपतंय असं समजून त्याच आठवड्यात ओसीटी, म्हणजे पडद्याचा स्कॅन, करून घ्यायचा. त्या ओल्या प्रकाराला २००६ पासून चांगली इंजेक्शनं आहेत, आणि ती किती कामाला येतात हे ती किती लवकर मिळतात यावर ठरतं.